मैदान कुणाच्या अखत्यारीत

ऑक्टोबरच्या अखेरीस मेलबर्नचा लॉकडाउन उठला. शहर आजारातून उठलेल्या माणसासारखं हळूहळू उन्हात येऊन बसलं आणि शुभदाला एकच ध्यास लागला : मुलांना प्रत्यक्ष पाहायचं. टार्निट उपनगरातल्या मराठी शाळेत ती दोन वर्षं शनिवारी शिकवत होती, पण सारं पडद्यावरून. आता पंधरवड्यात ती सिडनीला, गिरावीनला कायमची राहायला जाणार होती.

"एक वर्ग मैदानात घेऊ या?" तिने स्थानिक समितीच्या अध्यक्षांना, भास्कररावांना विचारलं. कल्पना त्यांना मनापासून आवडली. मात्र त्याच वर्षी तीन उपनगरांतल्या शाळा एका विश्वस्त मंडळाखाली एकत्र आल्या होत्या. ते म्हणाले, "मंडळाला विचारून ठेवलेलं बरं."

उत्तर आलं : विषय पुढच्या महिनाअखेरच्या सभेत घेऊ.

तोवर शुभदा गेलेली असणार होती. ओशाळलेल्या भास्कररावांनी त्याच संध्याकाळी तिला आणि समितीतल्या यतिनला सोबत घेऊन मंडळाच्या अध्यक्ष सुनीतीताईंना डँडेनॉन्गला व्हिडिओ कॉल लावला.

"भास्कर, मुळात विचारलंस कशाला?" सुनीतीताई कडाडल्या. "पुस्तकं, परीक्षा, नेमणुका आमच्याकडे. जागा आणि वेळ तुमच्या समितीकडे. एकत्र येताना तूच भांडून मिळवलंस ना हे?"

"हो, पण न विचारता बरं दिसत नाही..."

"आता विचारलंस, म्हणजे मला सभेपुढे ठेवणं आलं!"

"आणि आम्ही प्रश्नच मागे घेतला तर?" शुभदा हळूच म्हणाली.

सुनीतीताई खळखळून हसल्या. "घ्या की! पण रीतसर. सूचक कोण?"

"मी," भास्करराव म्हणाले.

"माझं अनुमोदन," यतिन ओरडला. "नो वरीज, ताई!"

"संमत. आता शनिवारपर्यंत कुणी मला काही विचारायचं नाही."

शनिवारी मैदानावर वाऱ्याने गवत लवत होतं. मुलं एकमेकांना आवाजांवरून ओळखत होती, लाजत होती, आणि लाजता लाजता धावू लागली. सातवीतला तनय शुभदासमोर येऊन थबकला. तो तिच्यापेक्षा वीतभर उंच होता.

"ओह माय गॉड, यू आर सो शॉर्ट!"

"मराठीत सांग," शुभदा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

तनयने विचार केला. "ताई, तुम्ही किती बुटक्या आहात!"

वाक्यात एकही चूक नव्हती.