कढईजवळची डुलकी

झुलाल आबा भरीत थेट जिभेवर घेत नसत. आधी पळीतलं थोडं डाव्या तळहातावर ठेवायचे आणि कडेने तेल किती सुटतं ते बघायचे. बोटाच्या पेराएवढी कड आली की कढई उतरवायची. मग तो घास तोंडात. त्यामागून आणखी एक.

एरंडोलच्या आसपास तीस वर्षं हिवाळ्यातल्या भरीत पार्ट्या त्यांच्याच हातच्या. वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, ठेचायची, तेलात परतायची. आबा स्वतः ताटावर कधी बसत नसत. कढईच्या तळाचं, तेलात न्हालेलं भरीत पुरीने पुसून खायचे. पहाटे, अकराला, चारला, रात्री, केव्हाही.

दोन वर्षांपूर्वी झोप बिघडली. रात्री टक्क जागे, दिवसा उभ्या उभ्या डुलक्या. सून मेघा त्यांना जळगावला डॉक्टरांकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "आबा, मेंदूत वेळ राखणारी एक जागा असते, तांदळाच्या दाण्याहून लहान. दिवस आहे की रात्र, ते तिला उजेड सांगतो. तुम्ही भलत्या वेळी इतकं तेलकट खाता, की शरीराला वेळच कळेनाशी होते. उंदरांना असं चरबीचं खाद्य दिलं, तर तेही झोपायच्या वेळी उठून खायला लागले."

"त्या उंदीरस्ना आचारी कोण व्हता, बाई?"

बाई हसल्या, पण चिठ्ठीवर लिहिलंच: ठरल्या वेळी साधं जेवण, काही महिने कढईपासून लांब.

"इतकी लग्नसराई व्हई जाऊ दे," आबा मेघाला म्हणाले. तशा दोन लग्नसराया झाल्या.

आज समाधान पाटलाच्या केळीच्या बागेत नव्वद माणसांची पंगत होती. मेघा पुऱ्या लाटत होती. आबांनी भरतात मीठ टाकलं, पळी फिरवली. फिरता फिरता पळी थांबली. मेघाने लाटणं टाकलं आणि धावत जाऊन त्यांचा दंड धरला. कढईचा काठ त्यांच्या कोपरापासून चार बोटांवर होता.

"आबा! जपनात का? झोप लागनी का?"

"नहीं वं. मीठ टाकस ना." आणि त्यांनी पुन्हा मूठभर मीठ टाकलं.

मेघाने चव घेतली. खारट झालं होतं. उरलेल्या वांग्यांचं पोतं तिने स्वतः ओढत आणलं, पुन्हा जाळ केला, भाजली, ठेचली आणि बिनमिठाची त्यात मिसळली. आबा केळीच्या बुंध्याला टेकून तिचे हात बघत राहिले.

"आबा, वांगा भाजी राहिनात का पेरी राहिनात?" उशीर बघून पंगतीतून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

तासभर उशिरा पानं वाढली गेली. पहिल्या घासानंतर पंगत गप्प झाली. चांगल्या भरताची खूण तीच.

समाधान हात धुऊन आला. "आबा, हात तो हातच शे! पुढला महिनामा पोरीनं लगन शे. बठ्ठा, सगळा सैपाक तुमनाच."

मेघा खाली बघून परात पुसत होती. आबा कंबरेचं फडकं सोडून उभे राहिले.

"तो हात मना नहीं, समाधान. माले डुलकी लागनी, मीठ दोनदाव पडनं. बठ्ठं हिनं सावरं." त्यांनी मेघाकडे बघितलं नाही. "लगननं काम हिलेच सांग. मी आजपासून कढई सोडी."