दाखवायची टाकी

प्रफुल्लची यामाहा डीटी म्हणजे रान तुडवायला जन्मलेली गाडी. उंच मडगार्ड, खडबडीत टायर, दगडगोट्यांतून उड्या मारत जाणारी जुनी जपानी टू-स्ट्रोक. आणि प्रफुल्लने तिला उपनगरातल्या घराच्या पोर्चमध्ये पांढऱ्या फरशीवर बाळंतिणीसारखी झाकून ठेवली होती. रविवारी सकाळी गंगापूर रोडला जुन्या गाड्यांवाल्यांचा घोळका जमायचा, तिथवरच तिची धाव. तिथे गाड्या चालवत नाहीत, दाखवतात. पोटं आत ओढून फोटो काढतात.

टू-स्ट्रोकचं नुसत्या पेट्रोलवर भागत नाही. सोबत ऑइल लागतं, नाहीतर इंजिन तापून जाम होतं. या गाडीला ऑइलची वेगळी टाकी होती आणि ते इंजिनात ढकलणारा छोटा पंप. पंप मेला, नवा मिळेना. मेकॅनिकने सगळे करतात तेच केलं. पंप काढून तोंड बुजवलं. "आता ऑइल पेट्रोलमध्येच मिसळत जा, शेठ."

पण बिनकामाची झालेली टाकी तिच्या छोट्या काचेतून कोरडी दिसायची, ते प्रफुल्लला खुपायचं. म्हणून त्याने ती उगाचच काठोकाठ भरून ठेवली. निळं ऑइल काचेत झळकायला लागलं. घोळका म्हणाला, "वा, एकदम ओरिजिनल!" हा फुगला.

त्याचा धाकटा भाऊ भारत सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत कंत्राटी मास्तर. सुट्टीला घरी आला होता. सोमवारी त्याची जीप चुकली, तर प्रफुल्लच्या बायकोने, तेजलने, डीटीची किल्ली काढून दिली. "घेऊन जा भावजी. मला तिची धूळ पुसायचा वीट आलाय."

प्रफुल्ल ऑफिसात होता. फोन वाजला.

"दादा, शिव्या देऊ नको. तुझी जपानी बायको पळवलीय."

"कोणाला विचारून रे?"

"तुझ्या पहिल्या बायकोला!" भारत खिदळला. "टेन्शन नको घेऊ. पेठ रोडला पेट्रोल फुल केलं. ऑइलची टाकी पण बघितली, काठोकाठ आहे. ठेवतो, पुढं घाट आहे."

"स्क्रॅच आला ना, तर बघ," प्रफुल्ल म्हणाला.

एवढंच म्हणाला. स्क्रॅच! फोन ठेवून चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. काठोकाठ आहे म्हणाला तो. ते ऑइल इंजिनात जातच नाही.

त्याने फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. साहेबासमोर उभं राहून लावला, जिन्यात लावला, स्कूटरवर बसून लावला. पेठ रोडला लागेपर्यंत ती बाई त्याच गोड आवाजात तेच सांगत राहिली.

सावळ घाटाच्या उतारावर इंजिन जाम झालं, मागचं चाक जागेवर थांबलं आणि भारत मोरीच्या कठड्यावर कमरेत आपटला.

दवाखान्यात घोळक्यातले दोघे आले. एकाने प्रफुल्लच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "इंजिनाचं क्रँककेस वाचलं का?" प्रफुल्लने त्याला जिन्यापर्यंत ढकलत नेलं. पण ढकलून उपयोग काय होणार होता?

दुसऱ्या दिवशी भारत बोलायला लागला. "सॉरी दादा. तुझी गाडी मी मारली. पण शप्पथ, टाकी बघितली होती रे."

"तुझं काही चुकलं नाही." प्रफुल्ल म्हणाला. "ती टाकी जोडलेलीच नव्हती. ते ऑइल नुसतं दाखवायला होतं."

भारतने मान त्याच्याकडे वळवली.

"कोणाला दाखवायला?"

गंगापूर रोडवरचा एकही चेहरा प्रफुल्लला आठवेना.

तेवढ्यात डॉक्टर आले. चादर वर करून त्यांनी भारतच्या तळव्याला टाचणी टोचली. "काही कळतंय?" दुसऱ्या पायाला टोचली. "इथं?"

भारतने पायांकडे बघितलंच नाही. तो भावाकडेच बघत होता.