मधल्या खोक्याची खबर

मी एक जुना थर्मामीटर आहे. ताप आला की काखेत ठेवतात तो नव्हे. मी खाण्याच्या मालाचा. वीतभर लांब स्टीलची सळई आणि डोक्यावर आकड्यांची छोटी खिडकी, एवढाच माझा संसार. गोदामात सगळे मला ‘टोच्या’ म्हणतात. नाव काही सोज्वळ नाही, पण कामाला शोभतं.

मित्रांनो, ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे मला आधी बर्फाच्या पाण्यात बुडवलं, मग उकळत्या. दोन्हीकडे खरं बोललो, तेव्हाच पेटीत घातलं. तिथून आलो तो थेट ताईंच्या हाताखाली. ताई म्हणजे गोदामाच्या दारात माल उतरवून घेणाऱ्या. दुधादह्याची गाडी लागली की त्या मधलं खोकं काढायला लावायच्या, एक डबा उघडायच्या आणि मला खुपसायच्या. आकडा पाच अंशांच्या आत असला तर खोक्यांवर हिरवं लेबल: माल काय, आला कधी, किती गार, ठेवायचा कुठे. वर गेला तर लाल लेबल आणि गाडी आल्या वाटेने परत. “टोच्या बोलला, विषय संपला,” असं हमाल म्हणायचे. मी जरा फुगायचोच.

मग नवं यंत्र आलं. पिस्तुलासारखं. लांबूनच लाल ठिपका टाकायचं आणि आकडा सांगायचं. डबा फोडायला नको, सळई पुसायला नको. मी भिंतीवरच्या खिळ्याला लटकलो, धूळ खात. ते यंत्र खोटारडं नव्हतं हं. पण त्याला दिसायची नुसती कातडी. पोटातलं त्याला काय कळणार?

एके दिवशी ताईंचा धाकटा भाऊ गाडी घेऊन आला. बरेच महिने घरी बसल्यावर लागलेली नोकरी, पहिलाच आठवडा. गाडीत दही होतं, पुढे रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात जाणारं. दार उघडताच गार वारा अंगावर आला. पिस्तुलाने चार दाखवले.

“मार हिरवं, ताई. आणि चहा पाज, पाहुणा आलोय!”

ताई मात्र कान देऊन उभ्या. गाडीचा एसी नुसता धडधडत होता. वाटभर गार राहिलेल्या गाडीला एवढी धाप लागत नाही. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं.

“अगं, यंत्र सांगतंय ना चार!”

“त्याने पाठीवरून हात फिरवलाय. मला नाडी बघू दे.”

मला स्वच्छ पुसून मधल्या खोक्यातल्या डब्यात घातलं. मी चढत चढत अकरावर गेलो आणि तिथेच बसलो.

“वाटेत एसी बंद ठेवला होतास?”

भावाने मान खाली घातली. “मालकच सांगतो. डिझेल वाचव, गेट दिसलं की चालू कर. ताई, माल परत गेला तर मी पुन्हा घरी बसेन गं. सख्खी बहीण ना तू?”

मित्रांनो, मला काळीज नाही. पण तेव्हा मलाही वाटलं, आकडा खाली आला असता तर बरं.

“सख्खी आहे म्हणून तोंडावर सांगते,” म्हणत त्यांनी लाल लेबल लावलं. भाऊ चहा न घेताच गेला.

पाठोपाठ आईचा फोन. पलीकडचा आवाज गोदामभर ऐकू येत होता. ताई एवढंच म्हणाल्या, “आई, ते दही ज्यांच्या ताटात जाणार होतं, तेही कुणाचे तरी सख्खेच आहेत.” फोन ठेवून त्या बराच वेळ माझी सळई पुसत राहिल्या. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

पुढच्या आठवड्यात तीच गाडी आली. तोच भाऊ! ताई काही बोलायच्या आत तो आत चढला आणि मधलं खोकं स्वतःच ओढून घेऊन आला.

“घे, टोच. मालकाला म्हटलं, एसी बंद ठेवायचा तर गाडी तुम्हीच न्या, दारात माझी बहीण आहे. परत आलेला माल त्यालाही महागात पडला होता. चालू ठेव म्हणाला. तीन असेल बघ.”

“तू सांगतोस म्हणून लिहीत नसते मी.”

मी साडेतीन दाखवले.

“अर्ध्यासाठी आता फाशी देतेस का?” भाऊ म्हणाला. ताई हसल्या, हिरवं लेबल लावलं आणि चहावाल्याला हाक मारली.

आता पिस्तूल आणि मी एकाच खिळ्यावर असतो. वरवरचं ते बघतं, आतलं मी. मित्रांनो, माझ्यासारख्याला वापरलंत की पुसा, टोपण घाला. आणि आवडत्या माणसाने आणलेली वस्तू असली, तरी मधलं खोकं उघडायला लाजू नका. खरं प्रेम असेल, तर तो माणूस स्वतःच खोकं पुढे करतो.