तोंडात मी होतो

मित्रांनो, मी एक जुना माउथगार्ड. दिसायला काही खास नाही. बोटभर रुंद, वाकडा, एके काळी पांढराशुभ्र आणि आता न विसळलेल्या चहाच्या कपासारखा पिवळट. बॉक्सिंग खेळणारे मला वरच्या दातांवर चढवतात, म्हणजे ठोसा बसला तरी दात जागच्या जागी राहतात आणि जीभ चावली जात नाही. कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो: माझ्या मालकाचे बत्तीसच्या बत्तीस दात अजून शाबूत आहेत. माझं काम मी चोख केलं. तरीही माझी गोष्ट ऐकून तुम्हाला माझा हेवा वाटणार नाही.

माझा जन्म दातांच्या दवाखान्यात झाला. डॉक्टरीणबाईंनी गुलाबी लगद्यात मालकाच्या दातांचा ठसा घेतला, त्यावरून साचा ओतला आणि तापवून मऊ केलेलं प्लास्टिक त्यावर दाबून बसवलं. कडा घासल्या, मला डबीत ठेवलं आणि म्हणाल्या, "हा फक्त तुमच्याच तोंडात बसेल." डबीच्या झाकणावर माझी निगा कशी राखायची ते छापलं होतं. थंड पाण्याने धुवा. उन्हात ठेवू नका. कुत्र्यापासून जपा. या तीन ओळी मला तोंडपाठ आहेत, कारण डबीत पडून दुसरं वाचायला काही नसायचं.

माझ्या मालकाला सगळे मुका म्हणत. तो मुका नव्हता हो. त्याला बोलता यायचं, पण दिवसभरात 'हो', 'नाही' आणि 'जेवलास का?' एवढ्यावर त्याचं भागायचं. त्याला शिकवायचा त्याचा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. जिममधले सगळेच त्याला मामा म्हणत. मामा मुक्याच्या वाटचंही बोलायचा, त्यामुळे घरात कुणाला काही कमी पडत नसे.

त्याच जिममध्ये सुतार यायचा. दिवसा सुतारकाम, संध्याकाळी बॉक्सिंग. एकदा सरावात त्याच्या ठोशाने मी मुक्याच्या तोंडातून उडालो आणि जमिनीवर घरंगळत गेलो. सुतार लगेच थांबला. हातातले ग्लोव्ह काढून त्याने मला उचललं, नळाखाली दोन्ही बाजूंनी नीट धुतलं आणि मुक्याच्या हातात दिलं. त्याच्या बोटांना भुशाचा आणि सरसाचा वास होता. दुसऱ्याचा माउथगार्ड कोण धुतं, सांगा बरं? तेव्हापासून तो मला आवडायचा.

सराव संपल्यावर जिममधल्या बाकावर बसून एक दिवस सुतार मुक्याला म्हणाला, "पाळणा केला होता मी बाळासाठी. पितळेच्या कड्या लावल्या. बाळ एकच दिवस राहिलं. पाळणा माळ्यावर ठेवलाय. मोडवत नाही." मुक्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. ही गोष्ट सुताराने दुसऱ्या कुणाला सांगितली नव्हती. मी उघड्या डबीत होतो, म्हणून मला कळली.

पुढे दोघेही नावारूपाला आले. सुतार दुसऱ्या जिममध्ये गेला, आणि दोन वर्षांनी लढती भरवणाऱ्या साहेबांनी दोघांना समोरासमोर उभं करायचं ठरवलं. साहेब गोड बोलायचे. मुक्याला म्हणाले, "अरे, दोन सभ्य माणसं शेजारी शेजारी बसली तर बघायला कोण येणार? पत्रकारांपुढे जरा त्याला डिवच. त्यालाही मी तेच सांगितलंय. खेळाचाच भाग आहे तो."

मामाने एका चिठ्ठीवर तीन वाक्यं लिहून दिली. मुका आठवडाभर शाळेतल्या कवितेसारखी ती घोकत होता. "तुझी हाडं खिळखिळी करीन."

"करीन जोरात म्हण," मामा सांगायचा. "तू काय दूधवाल्याला निरोप देतोयस का?"

त्या दिवशी मी मुक्याच्या कोटाच्या खिशात होतो. टेबलावर माइक, समोर पत्रकार, मागे प्रेक्षक. मुक्याने पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं अर्धं म्हटलं आणि विसरला. लोक हसायला लागले. मग सुतार माइककडे वाकून म्हणाला, "याचं नाव मुका. दे रे एक, इथे गालावर." सगळं सभागृह खदखदून हसलं. खरं सांगायचं तर मीही हसलो. त्यात विष नव्हतं.

पण मुका हसला नाही. त्याचा हात खिशात आला आणि माझी डबी त्याने इतकी आवळली की झाकण कुरकुरलं. चिठ्ठीतलं काही आठवेना. त्याच्याजवळ स्वतःचं असं एकच वाक्य होतं, आणि ते त्याचं नव्हतंच, त्याच्याकडे ठेवायला दिलेलं होतं.

"घरचा पाळणा रिकामाच आहे ना तुझा?" तो म्हणाला. "आण तो. त्यात झोपवतो तुला."

प्रेक्षकांतून शिट्ट्या आल्या. लोकांना अर्थ कळला नव्हता, पण सुताराचा चेहरा दिसला होता. सुतार उठला. खुर्ची त्याने टेबलाखाली नीट सरकवली, तिचा एक पाय डुगडुगत होता तो वाकून पाहिला आणि निघून गेला.

दोन दिवसांत पत्रकारांनी पाळण्याची सगळी हकीकत शोधून काढली. साहेबांनी पोस्टरवर पाळण्याचं चित्र छापलं. मुक्याला अन्न जाईना. त्याने सुताराला किती फोन केले, एकही उचलला गेला नाही. शेवटी तो साहेबांकडे जाऊन म्हणाला, "मला त्याची माफी मागायचीय. सगळ्यांसमोर."

"माग की," साहेब म्हणाले. "शेवटची घंटा झाली की तुम्ही लोक मिठी मारताच. तेव्हा माग. तोवर गप्प बसायचं."

मुक्याने मामाकडे पाहिलं. मामा जन्मभर नको तिथे बोलला होता. त्या दिवशी तो नुसती मान हलवत बसला, आणि ती मान त्याने साहेबांच्या बाजूने हलवली. याचा मला अजून राग येतो.

लढतीच्या आधी ग्लोव्हला ग्लोव्ह लावायची रीत असते. मुक्याने हात पुढे केले. सुताराने केले नाहीत. प्रेक्षक एका सुरात "पाळणा, पाळणा" ओरडत होते. प्रत्येक फेरीनंतर मामा मला काढायचा, पाण्यात बुडवायचा आणि पुन्हा बसवायचा. पाचव्या फेरीनंतर मुका धापा टाकत म्हणाला, "मामा, मला राहवत नाही. मी आत्ताच सांगतो त्याला."

"अजून पाच फेऱ्या आहेत. गप," मामा म्हणाला आणि त्याने मला त्याच्या तोंडात कोंबलं.

सहाव्या फेरीत दोघेही दमले. दमलेले बॉक्सर एकमेकांना कवेत धरतात, तेवढाच दम खायला. मुक्याचं तोंड सुताराच्या कानाशी आलं आणि मित्रांनो, त्याने ते सांगून टाकलं. "माफ कर रे. पाळण्याचं बोलायला नको होतं." आयुष्यात तो इतकं मनापासून कधी बोलला नसेल. पण तोंडात मी होतो. जिभेला मी वर टेकू देईना, ओठांना नीट मिटू देईना. मी अंग चोरायचा प्रयत्न केला, पण मला त्या दातांवरच घट्ट बसायला घडवलं होतं. बाहेर पडली ती नुसती गुरगुर, आणि तिच्यात एकच शब्द धड होता. पाळणा. महिनाभर तोच शब्द ऐकून सुताराचे कान सोलपटले होते. त्यांनी तेवढाच उचलला.

सुताराने त्याला ढकललं आणि दोन्ही हात फैलावून तो अंगावर धावून आला. हनुवटी उघडी पडली. मुक्याला मारायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पण अशी फट दिसली की उजवा हात सोडायचा, हे मामाने त्याच्या हाताला बारा वर्षं शिकवलं होतं. हात सुटला. सुतार मागच्या मागे पडला आणि त्याचं डोकं रिंगच्या फळीवर आपटलं.

त्याचा निळा माउथगार्ड दोराजवळ पडला होता. मुका गुडघ्यावर बसून तो उचलू लागला. हातात ग्लोव्ह, तो काही धरता येईना. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा धरायला गेला, तोच साहेबांनी मुक्याला उठवलं आणि त्याचा हात उंच केला.

सुतार जगला. डोळे उघडतो, भरवलं तर खातो. बोलत नाही, कुणाला ओळखत नाही, आणि डॉक्टर म्हणतात यापुढे फरक पडणार नाही. मुका हॉस्पिटलमध्ये गेला तेव्हा सुताराची बायको दारातच उभी होती. जिममधल्या दिवसांपासून ती त्याला भावजी म्हणायची.

"शेवटी ह्यांच्या कानात काय म्हणालात, भावजी?"

"माफ कर म्हणालो."

"मी समोरच बसले होते," ती म्हणाली. "ह्यांनी काय ऐकलं ते मला ह्यांच्या तोंडावर दिसलं. परत येऊ नका तुम्ही." आणि तिने दार लावलं.

मी खिशातच होतो. खरं काय ते मुक्याखेरीज जगात मला एकट्याला ठाऊक होतं, आणि मला बोलता येत नाही.

मुक्याने खेळणं सोडलं, तरी मला टाकलं नाही. रोज सकाळी तो मला थंड पाण्याने धुतो, दातांवर चढवतो आणि मामाला समोर बसवून तेच वाक्य म्हणतो. हळू म्हणतो, जोरात म्हणतो, ओठ ताणून म्हणतो. मग मला काढून विचारतो, "काय ऐकू आलं?"

पहिल्या दिवशी मामा म्हणाला होता, "माफ कर. स्पष्ट ऐकू आलं."

"खरं सांग, मामा."

मामाने मान खाली घातली. "पाळणा."

तेव्हापासून वर्ष झालं. उत्तर बदललेलं नाही.

तर मित्रांनो, माझ्यासारखा कुणी तुमच्याकडे असेल, तर त्याला धुवा, उन्हापासून आणि कुत्र्यापासून जपा, छापलंय ते सगळं बरोबर आहे. मला लिहिता येत असतं तर झाकणावर मी चौथी ओळ घातली असती. कुणाची माफी मागायची असेल तर आधी मला तोंडातून काढा. घंटेची वाट पाहू नका.