रोवेनाचा मुदत उलटलेला परवाना

मित्रांनो, माझ्यावरची मुदतीची तारीख वाचून नाक मुरडू नका. मी रोवेना प्रुइटचा केस कापण्याचा परवाना आहे आणि एक दिवसही बेकायदा झालेलो नाही.

माझा जन्म राज्याच्या परवाना कार्यालयातला. एका कोपऱ्यात सोनेरी मोहोर, दुसऱ्यात रोवेनाचा फोटो. त्यात ती उगाचच घाबरलेली दिसते. म्हाताऱ्या डेल्मरच्या दुकानात, तिच्या आरशाशेजारी मला टांगलं. सहा वर्षं गावातली डोकी माझ्या देखत हलकी झाली. दर सोमवारी रोवेना माझी काच पुसायची, तेव्हा मला फार अभिमान वाटायचा.

रोवेना सैन्याच्या राखीव दलातही होती. मग तिथून बोलावणं आलं आणि ती चौदा महिने कुवेतला गेली. इकडे माझी मुदत संपली. काचेवर पावडर साचली. "डेल्मर, काढ की ते मढं!" असं गिऱ्हाइकं म्हणायची. डेल्मरने मला हात लावला नाही.

रोवेना परतली. पहिल्याच सकाळी लूमिस मास्तरांचं अर्धं डोकं कापून झालं आणि त्यांची नजर माझ्यावरच्या उलटलेल्या तारखेवर गेली. ते टॉवेलसकट उठले.

"बसा खाली, सर! असे शाळेत गेलात तर पोरं दिवसभर फिदीफिदी हसतील," रोवेना म्हणाली. "सैन्याच्या कामगिरीवर गेलं की परवान्याची मुदत वाढते, परतल्यावरही काही महिने तो चालतो. कायदाच आहे तसा."

मास्तर बसले, पण डेल्मर धास्तावला. तपासनीस आला तर दुकानाला टाळं लागेल, अशी त्याला भीती. दुसऱ्या दिवशी तो तिला परवाना कार्यालयात घेऊन गेला. मी तिच्या काखेत होतो.

खिडकीतल्या बाईंनी एक अर्ज पुढे सरकवला. त्यावर छापलं होतं, 'माझ्या हलगर्जीपणामुळे परवाना रद्द झाला.' खाली सही करायची, दंड भरायचा, पुन्हा परीक्षा द्यायची आणि तोवर कात्रीला हात लावायचा नाही.

"कर ना सही, पोरी," डेल्मर कुजबुजला. "परीक्षा तू डोळे मिटून पास होशील."

"परीक्षेचं काही नाही रे. पण हलगर्जीपणा कुणी केला? मी?" तिने तैनातीचा हुकूम खिडकीत ठेवला. "बाई, दुसरा अर्ज शोधा. मी इथेच उभी आहे."

मागची रांग कुरकुरली. एकजण ओरडला, "अहो, आटपा की!" रोवेना तसूभर हलली नाही. शेवटी बाईंनी तळाच्या खणातून सैनिकांसाठीचा अर्ज काढला. त्यात दंड नव्हता, परीक्षा नव्हती आणि हलगर्जीपणाचा शब्दही नव्हता. रोवेनाने तिथेच सही ठोकली.

आता माझ्या जागी नवा परवाना आहे. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी कागद आहे, पिवळा पडणारच. पण माणूस दूर कामगिरीवर असताना त्याच्या नावावर हलगर्जीपणाचा शिक्का मारू नका. आणि तुमच्या नावावर कुणी तो शिक्का मारायला आलंच, तर सही करू नका.