आंबटबाई आणि मी, खुरपी

मित्रांनो, मी एक जुनी खुरपी आहे, आणि आधीच सांगते, मला एका भाजीचा हेवा वाटतो. हसू नका.

लोहाराने मला घडवलं तेव्हापासून मी आजोबांची. ते माळीकाम करत. तीस वर्षं माझी मूठ त्यांच्याच हातात होती. "हिच्यासारखी धार नाही," असं ते चारचौघांत सांगत. पुढे ते थकले आणि मी परसात खिळ्याला लटकत राहिले.

मग त्यांच्या सुनेने माळावरून एक रानटी रोप आणलं. पानं आंबट, म्हणून घरात तिचं नाव पडलं आंबटबाई. दरवर्षी पेरायला नको. पानं कापली की मुळातून पुन्हा फुटते. आजोबांच्या तोंडची चव गेली होती. तिच्या पानांचं सूप केलं की तेवढं वाडगाभर पोटात जाई. झालं, जो तो तिचे गोडवे गाऊ लागला. सून शिवणकाम करते. कापडाच्या कात्रीने ती कुणाला कागदही कापू देत नाही. हिची पानं मात्र त्याच कात्रीने कापायची! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

तिसऱ्या वर्षी आंबटबाई खंगली. पानं नखाएवढी झाली. सूप बंद पडलं आणि आजोबा ताट बाजूला सारू लागले. खोटं कशाला बोलू, मला आधी बरंच वाटलं.

एका सकाळी आजोबा काठी टेकत परसात आले. "अगं, मुळं दाटलीत तिची. वेगळी करून लावायला हवीत. कात्री काय करणार तिथे? माझी खुरपी दे."

"बाबा, तुम्ही बसा, मी करते," सून म्हणाली.

"तू तुझं शिवण सांभाळ."

'माझी' म्हणाले, म्हणून मी हरखले. तरी मनातला हेवा काही गेला नव्हता. त्यांचा हात थरथरत होता. मी जरा घसरले असते तर आंबटबाई मुळासकट खलास, आणि दोष हाताला गेला असता. पण मुठीवरची बोटं मी ओळखलीच नाहीत, इतकी ती वाळली होती. मग मी गुमान दोन मुळांच्या मधून गेले. एकीची चार रोपं झाली.

दीड महिन्याने आजोबांनी सुपाचा वाडगा चाटूनपुसून संपवला. कौतुक कुणाचं झालं? आंबटबाईचं. मी वाफ्याच्या कडेला चिखलासकट गंजत होते.

मित्रांनो, भाजी जरूर लावा. पण काम झालं की खुरपी धुवा, पुसा, तेलाचं बोट फिरवा. मी अजून जळते तिच्यावर. तरी पुढच्या खेपेला तिच्या मुळाशी मलाच न्या. आजोबांना जेवायचं आहे.