माझी चांदी आत होती

मित्रांनो, मी काचेचा एक जुना मेणबत्ती-स्टँड आहे, पण पाहणारे मला चांदीचा समजत. बॉस्टनजवळच्या एका कारखान्यात काच फुंकून मला दुहेरी भिंतीचं घडवलं, मधल्या पोकळीत चांदीचं पाणी फिरवलं आणि बुडाशी बूच घट्ट बसवलं. आत हवा किंवा पाणी गेलं, तर चांदी टिकत नाही. माझ्याबरोबर घडलेला माझा एक जोडीदारही आहे. हेलन आजीच्या आईच्या लग्नात आम्ही दोघं भेट म्हणून आलो, ते एकत्रच राहिलो.

एडिसन गावात आजीच्या शेजारी वीणाकाकू राहायला आल्या. त्यांची समई पुण्यालाच राहिली होती. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत आजी मला घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. "पूजेला वापर. थँक्सगिव्हिंगला मात्र मला जोडी लागेल हं!"

लक्ष्मीच्या तसबिरीपुढे मी झळकलो. सगळ्यांनी कौतुक केलं.

परत देण्याआधी काकूंना माझ्या मानेवर काळे ठिपके दिसले. दुसऱ्याची वस्तू लख्ख करूनच परत द्यायची, ही त्यांची रीत. चांदी घासतात तसं त्यांनी मला रांगोळीने घासलं. ठिपके जाईनात, कारण ते आतल्या बाजूला होते.

"आई, इट्स नॉट अवर्स! लीव्ह इट," त्यांची मुलगी दीपा म्हणाली.

"म्हणूनच घासतेय. असं काळं तोंड घेऊन पाठवू का त्याला?"

त्यांनी सुरीने बूच उपसलं, साबणाचं कोमट पाणी ओतलं आणि मला खळखळून हलवलं. चांदी राखेसारखी सुटून सिंकमध्ये वाहून गेली. मी नुसती काच उरलो.

काकूंनी नळ बंद केला. त्यांचे यजमान गिरीशकाका म्हणाले, "आधीपासून असंच होतं म्हण. तिला काय आठवतंय, यार!"

"तिच्या घरी दुसरा आहे ना. आणि नसता, तरी असं कसं म्हणू?"

काकूंनी मला स्वतः नेलं आणि घडलं ते सगळं सांगितलं. आजीने मला जोडीदाराशेजारी ठेवलं. तो चमकत होता. माझ्यातून मागची भिंत दिसत होती.

"इट्स ओके, वीणा," आजी म्हणाली. पण माझ्यावरचा हात तिने बराच वेळ काढला नाही.

थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर जोडीदार एकटाच गेला. मी आता गॅरेजच्या खिडकीत असतो. तिथून दोन्ही घरांमधलं कुंपण दिसतं. दोघी एकमेकींना हात करतात. "आत ये" असं मात्र कोणी म्हणत नाही.

मित्रांनो, काकूंच्या हातात माया होती. ती मला घासताना कळत होती. तरीही सांगतो, दुसऱ्याची वस्तू उघडण्याआधी तिच्या माणसाला विचारा. काकूंना फक्त कुंपणाशी जाऊन हाक मारायची होती.